दर चार अक्षरांनंतर

१

त्या दिवशी मंगळवार होता आणि मास्तर वाचत होते.

"सात बी नऊ ई."

"हं."

"शून्य शून्य चार एफ."

"हं."

मास्तर म्हणजे माझे सहकारी. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, अठरा वर्षे शेजारच्या टेबलावर. हजेरी घेतल्यासारखे वाचतात म्हणून मास्तर. आमचे काम जप्त केलेले फोन आणि संगणक तपासण्याचे. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, तिची हुबेहूब प्रत काढायची आणि प्रतीवर काम करायचे. प्रत मुळाशी जुळते की नाही ते कळावे म्हणून यंत्र चौसष्ट अक्षरांची एक ओळ देते. तिला हॅश म्हणतात. प्रतीतला एक स्वल्पविराम बदलला तरी ही अख्खी ओळ बदलते. दोन्ही ओळी यंत्रच ताडून पाहते, पण आमच्याकडे जुना नियम आहे की माणसांनीही पाहायचे. एकाने कागदावरून चार-चार अक्षरे मोठ्याने वाचायची. दुसऱ्याने त्याच्या पाठीमागे बसून पडद्यावर पाहायचे आणि जुळले की 'हं' म्हणायचे. सोळा वेळा. मग दोघांच्या सह्या. वाचणारा मान वर करत नाही. केली की ओळ चुकते.

एका कार्यालयातून बेचाळीस डिस्क आल्या होत्या. तिथल्या कोणीतरी जाण्याआधी सगळे पुसून ठेवले होते. पुसणारे आता हुशार झाले आहेत. पूर्वी नुसती फाइल काढून टाकत. आता तिच्या जागी शून्ये लिहितात, तारखा मागेपुढे करतात, तपासणी सुरू झाल्याची चाहूल लागताच स्वतःला पुसणारे प्रोग्राम पेरून ठेवतात.

"एवढ्या काळजीने कपाट आवरलं असतं तर बायको खूश झाली असती त्याची," मास्तर म्हणाले होते.

साडेदहाला बसलो होतो. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या व्हरांड्यात, लोखंडी लॉकरमध्ये. तिथे सिग्नल पोचत नाही. तसा पोचू नये म्हणूनच ते लॉकर आहेत.

सव्वा वाजता भिंतीवरचा फोन वाजला. भाचीचा होता.

"मामा," ती म्हणाली, "आई उठत नाहीये."

२

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईबाबा गेल्यावर मला तिनेच वाढवले, असे सगळे म्हणतात. ती मात्र म्हणायची, "वाढवलं कुठे, आपला आपला वाढला तो. मी फक्त ओरडले."

ती न्हाणीघरात पडली होती. डोक्याला मार. फोन तिच्या हाताशी होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर तास-दीड तास तरी श्वास चालू असावा. साडेबाराच्या सुमारास थांबला असावा. वेळेत कोणी पोचले असते तर काय, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

माझ्या फोनवर ताईचा एकही चुकलेला कॉल नव्हता. लॉकरमधून काढल्यापासून मी तो दिवसातून कितीदा पाहिला असेन.

तेराव्या का चौदाव्या दिवशी भाचीने ताईचा फोन माझ्यासमोर ठेवला.

"तू बघ ना, मामा. तुझं कामच आहे ते."

"काय बघू?"

"तिने कोणाला फोन केला होता का. यात त्या सकाळचं काहीच दिसत नाहीये." ती खाली पाहत होती. "मला नसता केला. माझा पेपर होता. मला पेपरातून उठवलं नसतं तिने, मरत असली तरी."

हे वाक्य तोंडून गेल्यावर तिला कळले.

"तुलाच केला असता," ती म्हणाली.

ते मला माहीत होते. ताई मला रोज फोन करायची, अर्धा-अर्धा तास. बोलायला तिला विषय लागत नसे. मी फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करायचो आणि कामात डोके घालायचो. मध्येमध्ये 'हं' म्हणायचो. रोजच्या कामामुळे असेल, ते माझ्या अंगवळणी पडले होते. तिचा सूर जिथे किंचित टेकायचा तिथे बरोबर माझा 'हं' पडायचा. ऐकावे लागत नसे.

"भिंतीशी बोलतेय की काय मी, छोट्या?" ती विचारायची.

"हं."

"बघ. भिंतसुद्धा हं म्हणते हल्ली."

मी बावन्न वर्षांचा आहे. मला छोट्या म्हणणारे आता कोणी नाही.

३

नातेवाइकाचा फोन तपासायचा नाही, हाही नियम आहे. आणि केस नसल्यामुळे टेलिफोन कंपनीकडून कॉलची यादी मागवण्याचा रस्ता नव्हता. अपघाती मृत्यू, विषय संपला. म्हणून मी जेवणाची सुट्टी निवडली. सगळे खाली जातात, तपासणीची खोली पाऊण तास रिकामी असते. खिडकी नसलेली खोली. दोन टेबले, चार खुर्च्या, हवा खेचणाऱ्या पंख्याचा एकसुरी आवाज. दाराला आतून कडी नाही, पण दार जड आहे आणि उघडताना कण्हते. त्यामुळे कोणी आले तर कळते.

मी प्रत काढली. हॅश कागदावर उतरवून घेतला. ताडायला दुसरा माणूस नव्हता. यंत्राने जुळल्याचे सांगितले होते, तेवढे पुरले असते. पण अठरा वर्षांची सवय. पडद्याकडे पाठ करून, कागद हातात धरून मी वाचायला लागलो.

"सी एक एक आठ."

आणि नेहमीसारखा थांबलो.

"हं."

पंख्याचा आवाज असेल असे मला वाटले. तसे वाटावे म्हणून मी दुसरी चार अक्षरे जरा हळू वाचली.

"हं."

तोंड न उघडता काढलेला, दबलेला आवाज. अगदी पाठीमागून. मी मान वर केली नाही. का केली नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. वाचत राहिलो. सहाव्या वेळी 'हं' आला नाही. मी वाट पाहिली. पंखा फिरत होता. मग कागदाकडे पाहिले, तेव्हा लक्षात आले की उतरवताना मी डी च्या जागी शून्य लिहिले होते. मी ते खोडून डी लिहिला आणि ती चार अक्षरे पुन्हा वाचली.

"हं."

सोळा झाल्यावर मागे वळलो. पडदा, रिकामी खुर्ची, आणि खुर्चीच्या पाठीवर माझाच कोट.

तो आवाज ताईचा नव्हता. असता तर बरे झाले असते.

४

फोनमध्ये प्रत्येक कॉलला एक अनुक्रमांक मिळतो. कॉल पुसला तरी तो क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. ताईच्या फोनमध्ये ८८४२ हा आदल्या संध्याकाळचा कॉल होता, मलाच केलेला. त्यानंतर एकदम ८८५०. तो भाचीने त्याच फोनवरून आमच्या ऑफिसला केलेला. मधले सात नव्हते.

पुसलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. मी कच्ची अक्षरे वाचत खाली उतरत गेलो आणि पहिली सापडली. ८८४३. सकाळी ११ वाजून ६ मिनिटे. माझा नंबर. कालावधी शून्य.

म्हणजे केला होता.

मी बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो असेन. मग पाणी पिऊन आलो, आणि पाहतो तर तिथे ओळ नव्हती. शून्ये होती. एका रांगेत, एकसारखी, कोणीतरी काळजीपूर्वक मांडल्यासारखी.

प्रतीवर काही लिहिले जाणार नाही अशी सोय असते. ती सोय बिघडली असेल असे मी धरून चाललो. दुसऱ्या दिवशी फोनची नवी प्रत काढली आणि एकदाच लिहिता येते अशा डिस्कवर उतरवली. तिच्यावर पुन्हा लिहिणे यंत्राला शक्यच नसते. ११ वाजून १४ मिनिटे ही नोंद त्या डिस्कवर मिळाली. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याहून थोडी जास्त टिकली, मग शून्ये. मी घाईने हॅश तपासला. जुळत होता. म्हणजे यंत्राच्या मते त्या जागी पहिल्यापासून शून्येच होती.

तिसऱ्या दिवशी मी मास्तरांना खाली जाऊ दिले नाही.

"डबा गार होईल माझा," ते म्हणाले.

"पाच मिनिटं बसा. फक्त पडद्याकडे बघा."

११ वाजून २१ मिनिटे. त्यांनी पाहिली. ओठ हलवत वाचली. नंतर शून्येही पाहिली. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"केबल बदल," ते म्हणाले.

"बदलली."

"मग यंत्र बदल."

"हे दुसरंच यंत्र आहे, मास्तर."

त्यांनी डबा उचलला. दाराशी थांबून म्हणाले, "घरचं माणूस गेलं की डोकं ठिकाणावर नसतं. रजा घे आठ दिवस." मग जरा वेळाने, "आणि मी काही पाहिलेलं नाही. मला यात ओढू नकोस."

दार कण्हत बंद झाले.

मी जे पाहत होतो तेच पुसले जात होते. न पाहिलेले शाबूत राहत होते. ११.२८. ११.३५. ११.४३. प्रत्येक वेळ कागदावर लिहून ठेवली. कागदावरची शाई कुठे गेली नाही. पण माझ्याच अक्षरातला कागद हा पुरावा नव्हे, हे मी स्वतः कोर्टात कितीतरी जणांना ऐकवले आहे.

सहा वेळा माझा नंबर. सहा वेळा शून्य. लोखंडी पेटीत फोन, आणि खोलीचे दार जेमतेम वीस पावलांवर.

शुक्रवारी मी हॅश पुन्हा मोठ्याने वाचला. वाचायची गरज नव्हती. या वेळी 'हं' सोळाच्या सोळा वेळा आला. शेवटच्या दोनदा तर माझे चौथे अक्षर पुरे व्हायच्या आत आला, ऐकत नसलेल्या माणसाचा येतो तसा.

५

सातवी नोंद, ८८४९. सकाळी ११ वाजून ५२ मिनिटे. माझा नंबर. कालावधी चार मिनिटे दहा सेकंद.

ती ओळ सगळ्यांत जास्त वेळ टिकली. मी तीनदा वाचली.

चार मिनिटे दहा सेकंद कोणीतरी फोन उचलला होता. आणि त्यानंतर ताईने कोणालाही फोन केला नव्हता. रुग्णवाहिकेला नाही, शेजाऱ्यांना नाही. साडेबारापर्यंत ती होती. चौतीस मिनिटे फोन तिच्या हाताशी होता आणि तिने तो वापरला नाही.

मी तिला ओळखतो. ती घाबरट नव्हती. पण एकदा छोट्याला सांगितले की तिच्या लेखी काम झालेले असे. छोट्या 'हं' म्हणाला म्हणजे तो निघाला.

ती वाट पाहत होती.

६

व्हरांड्यात कॅमेरा आहे, लॉकरच्या रांगेवर रोखलेला. चित्रण महिनाभर राहते. सत्ताविसाव्या दिवशी मी पहारेकऱ्याच्या खोलीत गेलो. एका माणसाची खोली. एक स्टूल, एक पडदा, खिडकीत वाळत घातलेला रुमाल. पहारेकरी बोलका माणूस.

"काही हरवलं काय, साहेब?"

"बघायचंय जरा."

"हरवलेलं सापडत नाही हो यात. हरवताना दिसतं फक्त."

त्याने तारीख लावली. ११.५०. रिकामा व्हरांडा. ११.५१. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा हलत होता. ११.५२ ला माझ्या लॉकरसमोर एक माणूस उभा होता. तो चालत आलेला दिसला नाही. आधीच्या चित्रात नव्हता, पुढच्यात होता.

पाठमोरा. माझा निळा शर्ट. मागे विरळ झालेले केस. लॉकर उघडा आणि फोन कानाला.

"हे तर तुम्हीच, साहेब," पहारेकरी म्हणाला.

मी पडद्याजवळ सरकलो.

"कोणाचं तरी ऐकताय. तुमचं आपलं नुसतं होयबा चाललंय." तो हसला.

मान हलत होती. दर काही सेकंदांनी एकदा, अगदी थोडी. चित्रणाला आवाज नव्हता. आवाजाची गरजही नव्हती. समोरच्याचा सूर कुठे टेकतोय ते त्या मानेवरून समजत होते.

११.५६ ला त्याने फोन आत ठेवला आणि लॉकर लावला. मग तो वळला. तपासणीच्या खोलीकडे नाही, कॅमेऱ्याकडे. मान खाली घालून, सावकाश, कॅमेऱ्याच्या खालून निघून जाईपर्यंत चालत आला. चेहरा दिसला नाही. दिसली ती मान. फोन ठेवून झाला होता, समोर कोणी नव्हते, तरी ती तशीच हलत होती. दर काही सेकंदांनी एकदा.

"पुन्हा लावा," मी म्हणालो.

त्याने लावले. ११.५२ ते ११.५६. बंद लॉकर, रिकामा व्हरांडा, कोपऱ्यातला हलता आकडा.

पहारेकऱ्याने आणखी दोनदा मागे-पुढे करून पाहिले. मग स्टुलावरून उठला आणि खिडकीतला रुमाल काढून हातात घेतला. तो अजून ओला होता.

"आत्ता होतं ना हो, साहेब?" तो म्हणाला. आता हसत नव्हता.

७

मी स्वतःला नीट प्रश्न विचारले. ते मला येते. त्या वेळी मी खोलीत होतो का? नोंदवहीत सह्या आहेत. ११.४८ ते १२.०४, डिस्क सतरा आणि अठरा, वाचणारे मास्तर, ऐकणारा मी. सही माझी आहे. मला खुर्ची आठवते, पडदा आठवतो. सतरावी डिस्क आठवते का? बेचाळीसांतली एकही वेगळी आठवत नाही. नुसता 'हं' आठवतो.

माणूस एखादी गोष्ट करून ती विसरू शकतो. सवयीने हात हलतात, डोके दुसरीकडे असते. पण लोखंडी पेटीत सिग्नल येत नाही. आणि चित्रण? चित्र काय, आवाज काय, आजकाल कोणीही हवे तसे बनवते. माझेच दोन अहवाल आहेत बनावट आवाजांवर. पण बनवणारा कोण आणि कशासाठी? आणि बनवलेले असेल तर ते पुसले कशाला?

मास्तरांना मी जिन्यात गाठले.

"त्या दिवशी, सतरा आणि अठरा वाचताना, मी खोलीत होतो का?"

"होतास म्हणजे? हं कोण म्हणत होतं मग?"

"तुम्ही मला पाहिलंत?"

ते कठड्याला धरून उभे राहिले.

"मान वर करायची नसते," ते म्हणाले. "तूच नवीन पोरांना शिकवतोस."

"दार वाजलं होतं का मध्ये?"

"नाही." मग म्हणाले, "तू नेहमीपेक्षा घाईत होतास. माझं वाचून व्हायच्या आधीच हं म्हणत होतास. मी मनात म्हटलं, याला जेवायची घाई झालीय."

ते दोन पायऱ्या उतरले आणि थांबले.

"डिस्क सतरा पुन्हा ताडू आपण," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "सगळ्याच ताडू."

त्यानंतरच्या सोमवारपासून मास्तर वाचताना टेबलावर एक छोटा आरसा ठेवतात. कोणी विचारले तर दाढी नीट झालीय का ते बघतो, म्हणतात. मी विचारलेले नाही.

८

भाची रविवारी येते. परीक्षा संपली आहे. घर आवरायला एकटीला नको वाटते म्हणून ती इथेच बसते, माझ्या स्वयंपाकघरात, पाय वर घेऊन, अगदी ताईसारखी.

"काही मिळालं, मामा?"

"काम चालू आहे."

"आईच्या फोनमध्ये बोलणं आपोआप रेकॉर्ड व्हायचं, माहितीय ना तुला? मीच लावून दिलं होतं. डॉक्टर काय सांगतात ते विसरायची ती." ती थोडी हसली. "नंतर मोकळ्या वेळात तुझे कॉल ऐकत बसायची. म्हणायची, बघ, अर्ध्या तासात एकेचाळीस वेळा हं. मोजायची ती."

मला हे माहीत नव्हते.

"तिने कोणाशी बोलणं केलं असेल तर ते त्यात असेल," भाची म्हणाली. "असेल ना?"

"बघतो."

"मला फक्त एवढंच हवंय, की ती एकटी नव्हती. कोणीतरी ऐकत होतं. तेवढं कळलं तरी पुरे मला."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी पाहिले. ध्वनिमुद्रणांचा फोल्डर रिकामा होता, पण रिकाम्या जागेत एका फाइलचे नाव शिल्लक होते. चार मिनिटे दहा सेकंद. मी वाचले आणि नाव गेले. आतला आवाज मी ऐकलेला नाही, म्हणून तो अजून असणार. ऐकला की जाईल. तो एकदाच ऐकता येईल, आणि ज्याने ऐकला त्याच्याशिवाय कोणाकडेही तो उरणार नाही.

त्यात ताई असेल. कुठे पडली, कुठे दुखतेय, दार लावलेले नाही, पोरीला पेपरातून उठवू नकोस, हे सगळे सांगत असेल. मध्येमध्ये तिचा सूर टेकत असेल. आणि तिथे काय असेल ते मला माहीत आहे. तो आवाज माझा असेल की नाही, हे ऐकून मला ओळखता येईल असे आता मला वाटत नाही.

भाची या रविवारीही आली होती. तीन तास बसली. फाइल सापडल्याचे मी तिला अजून सांगितलेले नाही.